उन्हाच्या बाजूची सावली

मार्लिसने सकाळीच मोटेलच्या खिडकीशी रंग मांडले. आदल्या दुपारी रस्त्याकडेला गाडी थांबवून टिपलेला फोटो मोबाइलवर उघडून समोर टेकवला होता. स्पोकेन शहराच्या दक्षिणेकडच्या पालूस भागातल्या, गव्हाने पिवळ्या झालेल्या टेकड्या आणि खचल्या छपराचं लाल कोठार. टेकड्या झाल्या, कोठारही झालं. घळीजवळचा काळा ठिपका तेवढा राहिला होता.

सावली समजून तिने ब्रश टेकवला आणि तिचा हात थबकला. बाकी सगळ्या सावल्या उजवीकडे पडल्या होत्या. ही एकटीच उन्हाच्या बाजूला.

"लाइल, हे बघ जरा."

नवरा दाढीचा फेस लावून बाहेर आला. "खडक असेल गं. सुट्टीवर आलोय ना आपण?"

तिने फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. खडकाला चाकं नसतात. ट्रॅक्टर उलटला होता आणि त्याच्याखाली काहीतरी निळं होतं, शर्टासारखं.

तिने शेरीफच्या पोलीस कचेरीला फोन लावला.

"जागा कुठली, बाई?"

"नाव नाही हो ठाऊक! लाल कोठार आहे, छप्पर मधोमध खचलेलं, शेजारी पॉपलरची तीन झाडं..."

"एमेट रस्कचं शेत. एकटाच असतो म्हातारा. पाठवतो माणसं."

फोटो काल चारचा, आता आठ वाजले होते. सोळा तास! लाइल फेस न पुसताच पलंगावर बसून राहिला. दोघं एकमेकांकडे बघेनात.

पाऊण तासाने फोन वाजला. "जिवंत आहे. पाय वाचेल असं वाटत नाही, पण बोलतोय."

दुपारी ती इस्पितळात गेली. एमेटचे ओठ भेगाळले होते, आवाज पार बसला होता.

"तुमची गाडी थांबलेली दिसली मला. म्हटलं, सुटलो. घसा फुटेस्तोवर ओरडलो. अन् तुम्ही फोटो काढून चालत्या झालात!"

मार्लिसला मान वर करवेना. "वारा होता... ऐकू नाही आलं. खरंच नाही."

"मग कळलं कसं?"

"त्या फोटोवरून चित्र काढत होते."

म्हाताऱ्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. ती उठू लागली, तसा तो खेकसला, "निघालात कुठं पुन्हा? माझी लेक स्पोकेनहून येईस्तोवर बसा इथं. आणि ते पाणी द्या."

तिने पेला त्याच्या ओठांशी धरला. थोडं पाणी उशीवर सांडलं. तो घटाघट पीत राहिला.