हालवोरकाकांचं नाक

"सोडा सगळे गठ्ठे," हालवोरकाका म्हणाले, आणि माझ्या हातातली सुतळी खालीच पडली.

शेवटचा गठ्ठा आत्ता कुठे आवळला होता. चार वाजता जहाज लागणार होतं. आमच्या बेटावरचा वाळवलेला कॉड मासा इटलीला जातो, आणि तो पहिल्या प्रतीचा की दुसऱ्या प्रतीचा, हे चौतीस वर्षं हालवोरकाकांचं नाक ठरवत आलं. मासा उचलायचा, हुंगायचा, इकडे किंवा तिकडे टाकायचा. त्यांनी टाकलेला मासा परत कुणी हुंगत नाही.

"काका, डोकं ठिकाणावर आहे ना?" मी म्हणाले.

"गेल्या आठवड्यात मला सर्दी होती, गुन्वोर. कशाचाच वास येत नव्हता. वाटलं, इतकी वर्षं झाली, हातालाच कळेल. काल नाक उघडलं आणि या मालातला एक मासा हुंगला. आंबलाय."

गोदामाचे मालक स्टायनार धावत आले. "एकच ना? फेकून द्या नि विषय संपवा! तिकडचे लोक तुमचा शिक्का बघून डोळे मिटून माल घेतात."

"म्हणून तर सोडायचे."

"पुढचं जहाज पंधरा दिवसांनी! आणि बंद नाकानं प्रत लावतो अशी बोंब झाली, की तुम्हाला दारात कोण उभं करील? मी तर नाही करणार, आत्ताच सांगतो."

काकांचा चेहरा पडला. या कामाशिवाय त्यांच्या आयुष्यात दुसरं होतं तरी काय? रविवारचं प्रार्थनाघर, बस्स.

"काल तिथे बसून देवाला म्हटलं, जहाज वेळेवर येऊ दे, हे झाकलं जाऊ दे," ते हळू आवाजात म्हणाले. "घरी पोचेपर्यंत माझीच मला लाज वाटली. असलं मागणं मागायला बसतो का मी त्याच्यापुढे?"

आणि खाली बसून त्यांनी पहिली गाठ सोडली.

मला असा संताप आला! सुतळीनं बोटं सोलवटली होती माझी. पण म्हातारा माणूस एकटा गाठी सोडतोय, बघत कशी राहणार? बसले शेजारी. माझाच गठ्ठा उघडला, तर मधोमध शेपूट तुटलेले तीन मासे. मीच दडपलेले. आम्ही गठ्ठे बांधणाऱ्या सगळ्याच असे मोडके मासे चांगल्यांत दडपायचो, त्यात काय एवढं! कुणी विचारलं नव्हतं, तरी मी ते काढून काकांपुढे ठेवले. पलीकडे आस्लाउगनं मान खाली घालून आपले पाच काढले.

जहाज भोंगा वाजवून निघून गेलं. सगळा माल हुंगून झाला तेव्हा आंबलेले निघाले अकरा.

"अकरा माशांसाठी!" स्टायनार ओरडले. शब्दाचे मात्र पक्के निघाले. पुढच्या हंगामात प्रत लावायला त्यांनी एरलेंड नावाचा नवा माणूस आणला. काका माझ्या शेजारी गठ्ठे बांधायला बसू लागले. प्रत लावायच्या टेबलाकडे ते बघायचेसुद्धा नाहीत.

मग एका सकाळी एरलेंड दोनदा शिंकला. हातातला मासा त्यानं खाली ठेवला.

"आज मी प्रत लावणार नाही," तो म्हणाला. "नाक बंद आहे."

स्टायनार काही बोलायला गेले, काकांकडे बघितलं, आणि कॉफी आणायला निघून गेले.

काकांनी मान वर केली नाही. "इथे बोट धर, गुन्वोर," म्हणाले, आणि गाठ आवळली.