आपल्याच आकाशगंगेतला ऑक्सिजन

स्वानंदी साताऱ्याहून इंदूरबाहेर राऊजवळच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायला आली, तेव्हा तिथे तिच्या ओळखीचं कोणीच नव्हतं. विभागप्रमुख रत्नपाल सरांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "रविवारी आमच्याकडे महूला जेवायला येतेस? मराठी स्वयंपाक आहे, जरा मालवी झालेला."

मग दर रविवारी ती बसने महूला जाऊ लागली. सरांच्या पत्नी सुलोचनाबाई वाढतच राहायच्या. "शरमू नको बेटा, आपलंच घर आहे." एरवी स्वानंदी भाड्याच्या खोलीत एकटी असायची. आईचा फोन संपला की दुसऱ्या सकाळपर्यंत तिला बोलायला कोणी नसायचं.

सरांचं नाव एका शोधामुळे झालं होतं. एका फार दूरच्या दीर्घिकेच्या केंद्रातून प्रखर क्ष-किरण येतात. वाटेत वायू असेल तर त्यातला तापलेला ऑक्सिजन काही ठराविक किरण शोषून घेतो आणि वर्णपटात तिथे बारीक खळगा पडतो. वायू जितका दूरचा, तितका खळगा सरकलेला. सरांना असा एक सरकलेला खळगा मिळाला होता. दीर्घिकांच्या मधल्या रिकाम्या वाटणाऱ्या जागेतला वायू आपल्याला दिसला, असं त्यांनी शोधनिबंधात मांडलं. महूच्या एका हवालदाराच्या या मुलाला त्यासाठी परदेशातून बोलावणी आली होती.

स्वानंदीने स्वतःच्या कामासाठी निरनिराळ्या दिशांच्या, कमी-जास्त अंतरावरच्या दीर्घिकांचे वर्णपट काढले. प्रत्येकात तोच खळगा होता, त्याच जागी. वायू इतका दूरचा असता तर सगळीकडे तो सारखा दिसला नसता. खळगा आपल्याच आकाशगंगेतल्या थंड ऑक्सिजनचा होता. थंड ऑक्सिजनची रेघ मुळातच तापलेल्यापेक्षा वेगळ्या जागी, नेमकी तिथेच पडते; सरकलेलं काहीच नव्हतं.

त्या रविवारी ताप आहे सांगून ती महूला गेली नाही. सोमवारी तिने आलेख सरांच्या टेबलावर ठेवले. सर बराच वेळ वाकून पाहत राहिले.

"किती सोर्सेस घेतले?"

"सगळे मिळून नऊ, सर. माझंच काही चुकत असेल तर..."

"चुकत नाहीये." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तरी मी एकदा चेक करतो. तुम्ही जा."

आजवर ते तिला अगंतुगं करत आले होते. जिना उतरताना तिला वाटलं, आलेख दाखवायलाच नको होते. पण परत घ्यावेत असंही वाटेना.

महिन्याभरात सरांनी तो निबंध मागे घेतला. विभागाच्या बैठकीत त्यांनी सरळ सांगितलं, "माझा निष्कर्ष चुकला होता. डॉक्टर स्वानंदींनी दाखवून दिलं." सगळ्यांनी तिचं अभिनंदन केलं. सर मात्र चहाला थांबले नाहीत.

सुलोचनाबाईंचा फोन आला. "ये ना गं. ते तुझ्यावर नाराज नाहीत." ती गेली. सर जेवले, बसला गर्दी होती का विचारलं आणि हात धुऊन आत निघून गेले. सुलोचनाबाईंनी आणखी एक पोळी वाढली. त्यानंतर स्वानंदी गेली नाही. रविवारी ती इंदूरच्या पलासिया बाजारात फिरायची, काही न घेता दुकानं पाहायची आणि परत यायची.

दिवाळीच्या सुट्टीआधी सर तिच्या केबिनच्या दारात उभे दिसले. हातात एक हार्ड डिस्क होती.

"माझा सगळा जुना डेटा आहे. अजून कुठे दूरचा वायू असेल तर बघा. मी बघायला बसलो तर मला हवं तेच दिसेल."

"सर, आपण दोघं मिळून बघू. बसा ना."

"नको. तुम्हीच बघा."

ते गेले. सुट्टी लागणार म्हणून कॉरिडॉर आधीच रिकामा झाला होता. तिने डिस्क जोडली, पहिली फाइल उघडली आणि खळगे शोधू लागली.