बघेपर्यंत

"मी नाय बगणार! जो तो नुसता बगा बगा करतोय. कुनाला बगायची हौस हाय त्याने बगावं!" असं म्हणत जमनाने शवागाराच्या पायरीवर बसकण मारली.

हवालदार बिचारा वैतागून गेला. घिवलीहून निघालेली जमनाच्या नवऱ्याची, वामनची, बोट वादळात उलटली होती. बाकीचे खलाशी पोहत परत आले, वामन तेवढा आला नाही. आता शिरगावच्या किनाऱ्याला एक देह लागला होता, आणि तो वामनचा की आणखी कुणाचा, हे घरच्याच माणसाने सांगायला हवं होतं.

हेमालीने कपाळावर हात मारून घेतला. चूक लेकीची, म्हणजे तिचीच. बोईसरच्या कॉलेजात ती भौतिकशास्त्र शिकवायची. मागे एकदा बोंबील वाळत घालताना आईने सहज विचारलं, "काय गो शिकवतेस पोरांना?" आणि या शहाणीने सांगून टाकलं, की सूक्ष्म कण मोजेपर्यंत अमक्याच जागी आहे असं म्हणता येत नाही, सगळ्या शक्यता शिल्लक असतात. मोजला की एकच उरते. असं का होतं, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. झालं! आईने त्याची खूणगाठ बांधली.

"आई, ते कणांचं गं. माणूस केवढा मोठा! त्याला पाणी लागतं, वारा लागतो, मासे..." हेमालीची जीभ अडखळली. "आपल्या आधी समुद्राने बघितलेलं असतं."

"समुद्राने बगितलं. मी नाय ना बगितलं?"

नेमकं इथेच तर भलेभले अजून भांडतात. हेमालीला रडू फुटलं.

"तू बस मग. मी जाते आत." ती दाराकडे वळली.

तशी जमना ताडकन उठली. लेकीचा दंड धरून तिने तिला मागे ओढलं.

"खबरदार! तू भायरच थांब. मी बगते. माज्यापुरता जाऊ दे तो. तुज्यापुरता तरी ऱ्हाऊ दे."

असं काही नसतं, हे हेमालीने वर्गात कितीदा तरी ठणकावून सांगितलं होतं. तरी ती जागची हलली नाही. दार लागलं. आतून रडण्याचा आवाज आला नाही.

बऱ्याच वेळाने जमना बाहेर आली. "चल पोरी, घरी जाऊ."

हेमालीने काही विचारलं नाही. आईने दोन्ही हात पदराखाली लपवले होते, आणि चालताना तिच्या बांगड्या वाजत नव्हत्या.