तिन्हीसांजेला नको

"थांब हं, आधी घसा साफ करू दे," लोइसबाई स्क्रीनवरून म्हणाल्या, आणि एक्क्याऐंशी वर्षांच्या त्या बाई खुर्चीत एकदम ताठ बसल्या.

मग त्यांचा आवाजच बदलला. थरथर गेली, खोकला गेला. "प्रवासीहो, कॅलिफोर्निया झेफर थोड्याच वेळात ओकलंडला पोहोचेल. या गाडीची ही शेवटची फेरी आहे. आपलं सामान नीट पाहून घ्या. तुमच्याबरोबर प्रवास करायला मिळाला, मी आभारी आहे."

मार्च १९७० मध्ये गाडीच्या लाउडस्पीकरवरून त्यांनी हे म्हटलं होतं. आज त्यांच्या घरात ते ऐकायला कोणी नव्हतं. ऐकत होती ती सिंगापूरच्या बेडोक भागात, दहाव्या मजल्यावर, शनिवारी सकाळी आठ वाजता, जेवणाच्या टेबलाशी बसलेली क्षिप्रा. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

स्वयंपाकघराच्या दारातून तिच्या नवऱ्याने, सारंगने, चहाचा कप हातात धरून खूण केली. रेकॉर्ड करतेयस ना? क्षिप्राने मान हलवली. नाही.

क्षिप्रा एकोणचाळीस वर्षांची. विद्यापीठात पोस्टडॉक संशोधक, आणि हा तिसरा करार. पुण्यातल्या मावश्यांना 'क्षिप्रा सिंगापूरला रेल्वेत आहे' एवढंच समजलं होतं, आणि तिनेही ते दुरुस्त करायचं कधीच सोडून दिलं होतं. खरं तर ती त्या चकचकीत अमेरिकन गाडीचा इतिहास लिहीत होती. शिकागोहून निघून तिसऱ्या दिवशी कॅलिफोर्नियात पोहोचणारी पोलादी गाडी, वर काचेचे घुमट, आणि वेळापत्रक असं बेतलेलं की डोंगरदऱ्या दिवसाउजेडी दिसाव्यात. एकवीस वर्षं धावली. मग लोक विमानाने जायला लागले आणि ती बंद पडली. गाडीच्या मालकांवर, डब्यांवर, इंजिनांवर ढीगभर पुस्तकं होती. घोषणा करणाऱ्या, जेवणाच्या वेळा लिहून घेणाऱ्या, रडकी पोरं सांभाळणाऱ्या त्या होस्टेस मुलींवर मात्र फारसं काही नव्हतं. शेवटच्या फेरीतली एकच मुलगी क्षिप्राला सापडली होती. कोलोरॅडोतल्या लोइसबाई. त्यांची मुलाखत हाच तिच्या कामाचा कणा होता. ती झाली तर करार वाढणार, नाहीतर ऑगस्टमध्ये तिचा सिंगापुरात राहायचा पास संपणार.

"का नाही केलंस?" फोन संपल्यावर सारंगने विचारलं. "तिसरा कॉल होता हा!"

"आधी संमतीचा फॉर्म वाचून दाखवावा लागतो. त्याशिवाय बटण दाबायचं नाही."

"मग वाच की."

"नववं कलम बघ ना." तिने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. त्यात लिहिलं होतं: माझ्या मृत्यूनंतर या ध्वनिमुद्रणाचं काय करावं, याबद्दलचा निर्णय मी पुढीलप्रमाणे देत आहे. "हे मोठ्याने वाचायचं आणि त्यांनी उत्तर द्यायचं. पहिल्या वेळी त्या नुकत्याच हॉस्पिटलमधून आल्या होत्या. पहिल्याच बोलण्यात हे कसं विचारू? दुसऱ्या वेळी त्यांच्या खिडकीत ऊन उतरत होतं, त्यांनी उठून दिवा लावला. त्यांच्याकडे तेव्हा शुक्रवार संध्याकाळचे पाच असतात रे. ऐन तिन्हीसांज. दिवा लावून बसलेल्या म्हाताऱ्या बाईला मी मरणाचं विचारू?"

"अगं, ती अमेरिकन बाई आहे. त्यांनी स्वतःची फ्युनरलसुद्धा बुक करून ठेवलेली असते. तिला काय वाटणारे?"

"तिला नाही, मला वाटतं."

सारंगने कपाळावर हात मारून घेतला. पीएच.डी. झालेली बायको. एरवी पत्रिका, मुहूर्त म्हटलं की हसायची, आणि इथे घोडं अडलं होतं तिन्हीसांजेशी. पण क्षिप्राच्या जिभेवर ते वाक्य येतच नव्हतं. लहानपणी दिवेलागणीला कोणी 'मेलो' एवढं म्हटलं तरी आई डोळे वटारायची. "नाताळ होऊ दे," ती म्हणाली. "जानेवारीत सकाळची वेळ मागून घेईन. त्यांची सकाळ."

तिने वेळ मागितली आणि लोइसबाईंनी ती हसत दिलीही, पण त्यांच्या फिजिओथेरपीमुळे जानेवारीतला पहिला कॉल पुन्हा शुक्रवारी संध्याकाळीच ठरला. क्षिप्राने मनाचा हिय्या केला. फॉर्म उघडून ठेवला, नववं कलम आरशासमोर दोनदा म्हणूनही पाहिलं.

शनिवारी आठ वाजता स्क्रीनवर दुसरीच बाई आली. पन्नाशीची, हनुवटी लोइसबाईंचीच.

"मी बेथ, त्यांची मुलगी. आई मंगळवारी गेली. झोपेतच. तिच्या कॅलेंडरवर आज 'सिंगापूर' लिहिलेलं होतं, म्हणून मी बसले." तिने डोळे पुसले. "शुक्रवारी तुमच्यासाठी ती लिपस्टिक लावायची, माहितीये?"

क्षिप्राने उघडलेला फॉर्म बंद केला. तिने दोनदा 'सॉरी' म्हटलं आणि फोन संपला.

सोमवारी तिच्या प्रकल्पाचे प्रमुख प्राध्यापक लिम यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "संमती नाही म्हणजे मुलाखत नाही. तू जे ऐकलंस ते वापरता येणार नाही, एक शब्दही नाही. व्हेरी सॉरी, क्षिप्रा."

संध्याकाळी सारंगने तिची वही टेबलावर आणून ठेवली. मग म्हणाला, "प्रत्येक कॉलनंतर तू वहीत लिहून काढायचीस ना? डिसेंबरची तारीख टाक. तोंडी संमती दिली असं लिही. नाही कोण म्हणणारे आता?"

"कोणीच नाही."

"मग?"

"म्हणूनच नाही लिहायचं."

"ऑगस्टमध्ये मग तू पुण्याला आणि मी इथे, असंच ना?"

तिने वही बाजूला सारली. अहवालाचा फॉर्म उघडला. मुलाखत दिलेल्या व्यक्तींची संख्या. चौकट रिकामी ठेवून पाहिली तर फॉर्म पुढे जाईना. तिने शून्य टाकलं. तीन शनिवार, एवढ्या गप्पा, डोंगरात बर्फात अडकलेल्या गाडीत लोइसबाईंनी रात्रभर सांभाळलेलं तान्हं बाळ, शेवटच्या फेरीत लोकांनी आठवण म्हणून खिशात घातलेले चमचे, आणि त्या पोरींनी केलेली डोळेझाक. सगळं मिळून शून्य. तिला स्वतःचीच शिसारी आली.

गुरुवारी बेथचा मेल आला.

"शनिवारी चर्चमध्ये आईला निरोप देणार आहोत. आमच्याकडे तिचे फोटो पुष्कळ आहेत, आवाज कुठेच नाही. ती आम्हाला सांगायची की सिंगापूरची मुलगी माझं सगळं रेकॉर्ड करते आहे, आता मला काही काळजी नाही. त्यातलं एखादं मिनिट पाठवाल का? काहीही चालेल. नातवंडं लहान आहेत, त्यांना पुढे आजीचा आवाज आठवणार नाही."

क्षिप्राने ते दोनदा वाचलं. म्हणजे लोइसबाईंना वाटत होतं की रेकॉर्डिंग चालू आहे. घसा साफ करून, ताठ बसून म्हटलेली ती घोषणा एकट्या क्षिप्रासाठी नव्हतीच.

तिने उत्तर लिहायला घेतलं. दिवेलागणीची वेळ, आईची शिकवण, वडीलधाऱ्यांसमोर काय बोलू नये, सगळं इंग्रजीत नीट समजावून सांगितलं. पानभर झालं. वाचून पाहिलं तेव्हा त्यात लोइसबाई कुठेच नव्हत्या, नुसती क्षिप्राची बाजू होती. तिने ते सगळं पुसलं आणि दोनच ओळी लिहिल्या. 'तुमच्या आईचा आवाज माझ्याकडे नाही. रेकॉर्ड करायची परवानगी मी कधी मागितलीच नाही. चूक माझी आहे.'

दहा मिनिटांत उत्तर आलं. 'ठीक आहे. खरं सांगितलंत, आभारी आहे. आई तुमच्याबद्दल नेहमी चांगलंच बोलायची.'

सारंग मागे येऊन उभा राहिला होता. "रागावली का गं ती?" त्याने हळूच विचारलं.

"नाही," क्षिप्रा म्हणाली. "रागावली असती तर बरं झालं असतं."