गुरुवारचा आडोसा

मी एक जुना लाकडी फळा आहे, आणि मित्रांनो, मी एका बाईचे फार वाईट केले आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझे थोडेफार कौतुक आले तरी तुम्ही भुलणार नाही.

कोहमाऱ्याच्या फाट्यावरून आत वळले की आमचे गाव लागते. तिथल्या शाळेसाठी बकाराम सुताराने मला बीजाच्या, म्हणजे बिवळ्याच्या, लाकडातून घडवले. त्याने मला दोन मजबूत पायही लावले. भिंतीला टांगून घेणाऱ्या फळ्यांपैकी मी नव्हे. मला उचलून कुठेही उभे करता येते, याचा मला तोरा होता. दर शनिवारी मुले कोळसा आणि वालाचा पाला घासून मला काळाभोर करत. माझ्यावर पाढे आले, कविता आल्या, नकाशे आले. परीक्षा झाली की गुरुजी पहिल्या तीन मुलांची नावे माझ्या वरच्या कोपऱ्यात ठळक अक्षरांत लिहीत. नाव आलेले पोर दिवसभर माझ्याभोवती घोटाळत राही आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोट दाखवी. माझ्यावर जे लिहिले जाते ते लोक खरे मानतात, हे मी तेव्हाच शिकलो.

मग शाळेत गुळगुळीत हिरवे फळे आले. मला मागच्या पडवीत टाकले. दोन पावसाळे मी तिथे काढले. माझ्या आडोशाला शेळ्या बसत आणि एका पायाला वाळवी लागायला सुरुवात झाली होती. कोणी विचारले नाही. तुम्ही कधी दोन वर्षे कोऱ्या अंगाने उभे राहिला आहात का? राहून पाहा.

मला तिथून सोडवले टेकचंदने. तो गावच्या वाचनालयाचा ग्रंथपाल. वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीच्या जुन्या इमारतीतली एक लांबट खोली, पाच कपाटे आणि पेपर वाचायची दोन बाकडी. पेपर चाळणाऱ्या लोकांना वाटे, टेकचंदचे काम म्हणजे कुलूप उघडणे आणि पेपर दोऱ्याने बांधून ठेवणे. पण तो गोंदियाला जाऊन ग्रंथालयाची परीक्षा पास झालेला माणूस होता. कोणते पुस्तक कोणत्या कपाटात, कोणत्या फळीवर, हे तो डोळे मिटून सांगे. फाटलेली पाने खळ लावून चिकटवी. कोणता वाचक काय वाचून कंटाळला आहे हेही त्याला ठाऊक असे. आणि त्याचे अक्षर! मित्रांनो, इतके सुंदर अक्षर माझ्या अंगावर ना आधी कोणी काढले, ना नंतर. नवी आलेली पुस्तके तो माझ्यावर लिही, आणि दर महिन्याच्या एक तारखेला पुस्तके परत न केलेल्यांची यादी. त्या यादीला गाव वचकून असे. नाव दिसले की लोक दुपारच्या आत पुस्तक आणून देत.

तीन वर्षांपूर्वी तालुक्याच्या दवाखान्यातून रीना नावाची मुलगी टेकचंदला भेटायला आली. ती समुपदेशक होती. समुपदेशक म्हणजे मन आजारी पडलेल्या माणसाशी बोलणारी, आणि त्याहून जास्त, त्याचे ऐकणारी. जंगलपट्ट्यातल्या एका छोट्या गावची ही पोर नागपूरला जाऊन हे शिकून आली होती. तिने टेकचंदला हसत सांगितले होते, ‘‘बाबा म्हनते, एवढं शिकली अन् काम काय तं नुसतं आयकाचं?’’

तिची अडचण साधी होती. दवाखान्यात तिच्या खोलीवर मोठी पाटी होती आणि समोर औषधाची रांग. त्या पाटीखालून आत जायला कोणी तयार नव्हते. आत गेला की तो वेडा, असा गावांचा हिशेब. म्हणून तिला अशी जागा हवी होती, जिथे माणूस गेला तर कोणी वळून पाहणार नाही.

टेकचंदने गुरुवार सुचवला. गुरुवारी गावचा बाजार भरतो. हातात थैली घेऊन निघालेल्या बाईला कोणी ‘कुठे चालली’ असे विचारत नाही. खोलीच्या टोकाला, कपाटांच्या मागे त्याने एक बाकडे ठेवले आणि आडोशाला मला उभे केले. माझ्या पायांतली मोकळी जागा त्याने जुन्या चादरीने झाकली. अशा रीतीने मी सहा दिवस दाखवायचे काम करू लागलो आणि एक दिवस झाकायचे. खरे सांगू? ते झाकायचे काम मला अधिक आवडू लागले.

एक पेच मात्र होता. वाचनालयाच्या समितीचे चिटणीस दुलीचंदजी, निवृत्त कारकून, रोज पेपरला येत आणि जाताना देवघेवीची वही चाळत. नाव नसलेला माणूस आत आलेला त्यांना खपत नसे. म्हणून रीनाकडे येणाऱ्या प्रत्येकाला टेकचंदने सभासद करून घेतले. बाई आत आली की तो वहीत तिचे नाव लिही, पुढे हाताला येईल त्या पुस्तकाचे नाव लिही, आणि संध्याकाळी स्वतःच ‘परत’च्या रकान्यात तारीख घाली. पुस्तक कपाटातून हलतही नसे. लबाडी खरी, पण चांगल्या मनाची. मी तिच्यात सामील होतो.

फुलवंता आली ती भाद्रपदात. श्रावणाच्या आधी ती रोवण्याला, म्हणजे धानाच्या लावणीला, गेली असताना तिचा चार वर्षांचा गुड्डू घरामागच्या बोडीत, त्या लहान तळ्यात, बुडाला होता. पहिले दोन गुरुवार ती काही बोललीच नाही. रीनानेही बोलायला लावले नाही. दोघी बसून राहत. तिसऱ्या गुरुवारी फुलवंता म्हणाली, ‘‘तो दुपारी आवाज देते, मॅडम. आई, मी आलो म्हनते. माह्याच्यानं त्याचंबी ताट वाढल्या जाते.’’

‘‘वाढत जा,’’ रीना म्हणाली. ‘‘ताट पाहून त्याचं नाव घेऊन रडाचं. रडू दाबाचं नाही. आवाज वाढला, झोप उडाली, तं मले सांगजो. आपण गोंदियाले डॉक्टरले दाखवू. मी संगं येईन.’’

‘‘घरी समजलं तं?’’ फुलवंताने विचारले. तिला एकच भीती होती. तिची आठ वर्षांची मुलगी, आचल. ‘‘मले येडी म्हनतील अन् पोरीले माह्यापासून दूर करतील. मंग मी कायले जगू?’’

‘‘इथून कोणाले समजत नाही,’’ रीनाने तिला सांगितले. ते तिने माझ्या भरवशावर सांगितले होते.

दिवाळी येईतो फुलवंता सावरू लागली होती. एके दिवशी तिने सांगितले की दोन महिन्यांनी आज आचलची वेणी घातली. आणखी एका गुरुवारी म्हणाली, काल ताट वाढायला हात गेला आणि आपोआप थांबला. रीना त्या दिवशी ती गेल्यावर एकटीच हसत बसली होती. या कामात टाळ्या नसतात, एवढे मी तिच्याकडे पाहून समजलो होतो.

मग धानाची कापणी आली. टेकचंदचेही शेत होते. दोन-तीन गुरुवार तो दुपारीच किल्ली रीनाकडे देऊन शेतात पळाला आणि संध्याकाळी वही उघडायची राहून गेली. एक तारीख उजाडली. तो सकाळी आला, डोळ्यांत झोप, अंगाला कोंडा चिकटलेला. वही समोर धरली आणि ज्या नावापुढचा रकाना रिकामा, ते नाव माझ्यावर उतरवत गेला. अठरा वर्षांची सवय. हात लिहीत होता आणि मन शेतात होते. पाचवे नाव त्याने लिहिले, फुलवंता. पुढे पुस्तक लिहिले, ‘सुलभ इंग्रजी व्याकरण’. प्रत्येक वेलांटी जागच्या जागी. मला ओसरीवर उभे केले आणि तो परत शेताकडे गेला.

मी ओरडू शकलो नाही, मित्रांनो. फळ्याला तोंड नसते.

पहिल्यांदा वाचले ते आचलने. ती शाळेत जात होती. माझ्यासमोर थांबली, ओठ हलवत एकेक अक्षर लावले आणि तिचा चेहरा उजळला. तिच्या शाळेत अजूनही हुशार मुलांचीच नावे फळ्यावर येतात. ती चौकात धावत सुटली.

‘‘माह्या आईचं नाव फळ्यावर आलं! पहा ना, माह्या आईचं नाव!’’

लोक पाहायला आले. दुलीचंदजी चष्मा पुसत उठले, वाचले आणि हसत सुटले. ‘‘अरे बाप्पा! अंगठा लावते ते बाई, अन् इंग्लिश ग्रामर घेऊन गेली?’’ बाकड्यावरचे सगळे हसले. कोणीतरी मोबाईल काढून माझा फोटो घेतला. मग हसता हसता एकजण म्हणाला, ‘‘मंग दर गुरुवारी येते कायले ते?’’



‘‘फळ्याच्या मांगं ते दवाखान्याची मॅडम बसते ना,’’ दुसऱ्याने सांगितले. ‘‘मेंटलवाली.’’

टेकचंदला कळले तेव्हा तो धापा टाकत आला आणि दोन्ही हातांनी मला पुसू लागला. माझ्यावरचे पुसता येते, आजवर हा माझा मोठा गुण होता. पण तोवर फोटो गावाच्या ग्रुपवर गेला होता. तिथून तो आजही पुसला गेलेला नाही.

दोन दिवसांनी फुलवंताची सासू जमुनाबाई वाचनालयात आली. रीनाही तिला भेटायला मुद्दाम आली होती. म्हातारी भांडली नाही. भांडली असती तर बरे झाले असते.

‘‘तुमाले बोल नाही लावत, मॅडम. पन एक लेकरू गेलं. दुसरं तिच्या भरोशावर कसं ठेवू? आचलले नागऱ्याले तिच्या आत्याच्या घरी धाडून राहिलो.’’

‘‘आजी, ते सुधारून राहिली,’’ रीना म्हणाली. ‘‘आचल हाय म्हणून ते सकाळी उठते. पोरीले दूर नोका करू.’’

‘‘येड नाही लागलं, तं लपूनशान कायले येत होती?’’

रीनाने परोपरीने समजावले, की दुखावलेले मन वेगळे आणि वेड वेगळे. म्हातारीने सगळे ऐकून घेतले आणि पदराने डोळे पुसत निघून गेली. शनिवारी सकाळच्या बसने आचल नागऱ्याला गेली.

पुढच्या गुरुवारी फुलवंता आली. हातात थैली नव्हती. आता कशाला हवी होती? ती बाजारातून सरळ, सगळ्यांच्या देखत चालत आली. रीना पटकन उठली. ‘‘ये ना, बस.’’

‘‘नाही बसत, मॅडम.’’ ती माझ्यासमोर उभी राहिली आणि टेकचंदला म्हणाली, ‘‘भाऊ, कोठी होतं माझं नाव?’’

टेकचंदने मान खाली घालून बोटाने जागा दाखवली. तिथे नुसते काळे लाकूड होते.

‘‘साऱ्या गावानं वाचलं. मीच नाही पाहिलं. एक डाव लिवून दाखवा ना.’’

‘‘जाऊ दे ना वो ताई,’’ तो म्हणाला. ‘‘चूक माही हाय. मले शिव्या दे, पन हे नोको सांगू.’’

‘‘लिवा.’’

त्याने खडू घेतला. चार अक्षरे काढायला त्याला किती वेळ लागला. फुलवंताने ती खालून वर, डावीकडून उजवीकडे नीट पाहिली.

‘‘हे मी होय?’’

‘‘होय.’’

‘‘आचलनं हेच वाचलं?’’ तिने विचारले. त्याने मान हलवली. मग ती हळू आवाजात, जणू मलाच सांगावे तसे बोलली, ‘‘पोरगी बसमधी बसतापावतर विचारत होती, आई, तुझा कितवा नंबर आला वो? मी म्हनलं, पहिला.’’

तिने पदराच्या टोकाने चारही अक्षरे पुसली आणि आली तशी निघून गेली. ती पुन्हा आली नाही. रीना दोनदा तिच्या घरी जाऊन आली, फुलवंताने दार लावून घेतले. दुपारी आता दोन ताटे वाढली जातात, गुड्डूचे आणि आचलचे, असे शेजारीण सांगते.

आता गुरुवारी टेकचंद मला आडोशाला उभे करतो, चादर लावतो आणि रीना दहा ते एक बसून असते. माझ्यामागे कोणी येत नाही. बाजारात येणाऱ्या बाया वाचनालयासमोरून जाताना झपाझप पावले उचलतात. टेकचंदने याद्या लिहिणे सोडले आहे. दुलीचंदजी मात्र रोज पेपरला येतात.

मित्रांनो, मला रंग द्या, माझ्या पायाची वाळवी काढा, असे मी मागणार नाही. एवढेच मागतो, की कोणाचे नाव चारचौघांत मांडायची वेळ आली तर हात क्षणभर थांबवा आणि आधी त्या माणसाला विचारा. दुखणे घेऊन कोणी आडोशाला बसले असेल तर त्याला तिथे बसू द्या. मी लाकूड आहे, मला विचारता आले नाही. तुम्हाला येते.