चिन्हाखालचं नाव

मित्रांनो, मी एक जुना कुकर आहे असं सांगायला मला फार आवडलं असतं. पण जुनं व्हायचं तर आधी टिकावं लागतं, आणि मला एक वर्षही धड मिळालं नाही. आज मी राजुरीत आरतीच्या घरी, माळ्यावर एका पोत्यात पडून आहे. झाकण वाकडं झालंय, शिट्टी कुठं उडाली ती सापडलीच नाही. मी जातीचाच तापट, तेव्हा बोलणं तिखट वाटलं तर सांभाळून घ्या.

माझा जन्म कुठल्याशा पत्र्याच्या शेडमधला. वाफ फार कोंडली की आपण वितळून तिला वाट करून द्यायची, हे झाकणावरच्या सेफ्टी वॉल्व्हचं काम. माझा वॉल्व्ह नुसता शोभेचा होता. आणि एवढं करून माझ्या पोटावर झोकात आयएसआयचं चिन्ह उमटवलं. खोटं चिन्ह, तेही मला न विचारता.

आळेफाट्याच्या एका दुकानात भिमाजीमामांनी मला पाहिलं. मामा आंबेगाव तालुक्यातले, फार मायाळू माणूस. त्यांच्या दोन भाच्या, आरती आणि संस्कृती, एकाच मांडवात उजवायच्या होत्या. आहेर सारखाच हवा, एकीलाही कमी-जास्त वाटायला नको, म्हणून त्यांनी माझ्यासोबत माझा जुळा भाऊही घेतला. चिन्ह बघूनच घेतला हं. मग नाव घालणाऱ्याने विचारलं, "कुठं घालू?" मामा म्हणाले, "त्या शिक्क्याखाली मोकळी जागा हाये बघ, तिथंच घाल." मशीन करकरत चाललं : 'भिमाजीमामांकडून चि. सौ. कां. आरतीस सप्रेम भेट'. मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू. ती जागा मोकळी का होती, हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

राजुरीत माझे दिवस मजेत गेले. आरती मला लिंबाची साल लावून घासायची. तिच्या सासूबाई ठकूबाई शेजारणींना मुद्दाम बोलावून दाखवायच्या, "सुनेच्या मामानं दिलाय. लई भारी शिजतंय ह्यात."

एके दिवशी सकाळी हुलगे शिजत होते. फेस वर आला आणि शिट्टीची वाट बुजली. वाफ आत कोंडत गेली, अंगाची लाही झाली, पण तो वॉल्व्ह ठोंब्यासारखा बसून राहिला. ठकूबाई गॅस बारीक करायला वाकल्या आणि माझं झाकण उडालं. त्यांचा गाल आणि उजवा हात भाजला. मित्रांनो, मला कान आहेत. ते किंचाळणं अजून त्यांच्यातून जात नाही.

दवाखाना झाला आणि सगळ्यांनी आरतीलाच धारेवर धरलं. शेजारणी म्हणाल्या, शिट्टी धूत नसेल. दुकानदार तिच्या नवऱ्याला, गोरखला म्हणाला, "बाईंनी जास्त भरला असंल, भाऊ." गोरखने तक्रारीचं काढलं, तर पट्टी बांधलेल्या ठकूबाईच आडव्या आल्या. "काय नको. मामाचं नाव हाये त्याच्यावर. आहेराला नावं ठेवत्यात व्हय?" झालं, माझी रवानगी पोत्यात.

आरतीला मात्र राहवेना. तिने १९१५ ला, ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला. तिकडची बाई म्हणाली, "ताई, आयएसआय चिन्हाखाली सीएम-एल असा परवान्याचा नंबर असतो. तो वाचा."

आरतीने मला पोत्यातून काढून फिरवलं. "खाली माझ्या मामांचं नाव आहे."

"नाव नाही ताई, नंबर."

"नंबर नाहीच हो."

"मग ते चिन्ह खोटं दिसतंय. भारतीय मानक ब्यूरोकडे तक्रार करा, बीआयएस केअर ॲपवरून होते. चिन्हाचा फोटो जोडा. आणि कुकर टाकू नका."

आरती फोटो काढायला बसली आणि थबकली. चिन्हासोबत मामांचं नावही फोटोत येत होतं. तिने त्यावर बोट ठेवून पाहिलं.

तेवढ्यात शहाळी घेऊन मामाच दारात आले, ठकूबाईंना भेटायला. आरतीने मला त्यांच्यापुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं. मामांनी चष्मा लावला, चिन्ह पाहिलं, खालचं आपलं नाव पाहिलं. त्यांचा चेहरा पार उतरला. "म्हंजी खोट्याखाली म्याच सही केली व्हय गं?" मग एकदम म्हणाले, "संस्कृतीला फोन लाव. आधी लाव."

आरतीने फोन लावून मामांच्या हाती दिला. "मामा, मागनं करते," पलीकडून संस्कृती म्हणाली, "कुकर लावलाय."

"गॅस बंद कर. सासूला घेऊन अंगणात ये. आन् फोन ठिवू नको."

पलीकडे नुसती धावपळ ऐकू येत होती. "आलो मामा, दोघीबी बाहेर हाये," असं आलं तेव्हा मामा सगळ्यांसमोर रडले. ठकूबाईंनी आपल्या हाताने त्यांना पाणी दिलं.

डोळे पुसून मामा म्हणाले, "तक्रार माझ्या नावानं कर. फोटोत नाव झाकू नको." ठकूबाईंनीच मला फोटोसाठी उजेडात सरकवलं.

तक्रार गेली आहे. तपासणीला मला नेतील, त्याची मी वाट पाहतोय. पण मित्रांनो, मला चैन नाही. त्या शेडमधून माझ्यासोबत टेम्पोभर भावंडं निघाली होती. ती आज कोणाकोणाच्या गॅसवर आहेत, मला ठाऊक नाही. तुमच्या घरच्या कुकरच्या चिन्हाखाली नंबर आहे का, आजच बघा. नसेल तर लोक काय म्हणतील म्हणून गप्प बसू नका, मानक ब्यूरोला कळवा. संस्कृतीला फोन करायला तिचे मामा होते. बाकीच्यांना कोण करणार?