शिकवलेली नजर

मुंगीला मी वीस वर्षं एकच गोष्ट शिकवली: समोरच्याच्या डोळ्यांत बघ. डोळे जमेनात, म्हणून भुवयांच्या मधली जागा दाखवली. रोज संध्याकाळी भांडी विसळून झाली की दोन स्टुलं, समोरासमोर. तिला घाम फुटायचा, मला रडू. पण शिकली हो माझी लेक. आणि त्या शिकण्यानंच आज तिचा घात केला.

मुंगी सव्वीस वर्षांची आहे. पुस्तकबांधणीच्या कारखान्यात पानं शिवते. टाका असा, की बोट फिरवलं तरी लागू नये. ऑटिझमच्या दाखल्यावर तिला तिथं मागची खोली मिळाली. यंत्रांची धडधड नाही, घंटा नाही. त्याआधीच्या कारखान्यात ती अकरा दिवस टिकली. बाराव्या दिवशी मी तिला जिन्याखालून उचलून आणली. मालक भले, पण त्यांनी साफ सांगितलंय, "ताई, कागद आहे तोवर खोली आहे. नाहीतर बाकीचे मला सोडायचे नाहीत."

त्या कागदाची आज फेरतपासणी होती. दवाखान्याच्या दारात मी सवयीनं पुटपुटले, "हात मांडीवर. भुवयांच्या मध्ये बघ." जीभ झडो माझी!

डॉक्टरीणबाईंनी अर्धा तास प्रश्न विचारले. मुंगी ताठ बसून, पाठ केलेल्या कवितेसारखी उत्तरं देत राहिली. बाईंनी पेनाला टोपण लावलं.

"छान बोलते की! नजर देते. सहा वर्षं नोकरी करते. व्याख्या बदलली आहे आता. ही त्यात बसत नाही. तुम्हाला आनंद व्हायला हवा."

"नोकरी त्या खोलीमुळे करते, मॅडम. खोली दाखल्यामुळे आहे."

"मला जे दिसतं ते मी लिहिते."

"चष्मा लावून माणूस वाचायला लागला, की त्याचा चष्मा काढून घेता?"

तेवढ्यात मुंगीनं टेबलावरचं व्याख्यांचं जाडजूड नवं पुस्तक ओढलं, उलटं धरून कणा दाबला. "नुसता डिंक आहे. टाका नाही. दोन वर्षांत पानं सुटतील."

"बघा, विनोदसुद्धा करते!"

"विनोद नाही हो, तपासणी करतेय!" माझा आवाज चढला. "इथून गेली की कपाटात शिरून बसेल, उद्यापर्यंत बोलणार नाही. ते विचारा ना! लिहा, की हे सगळं शिकवलेलं आहे."

"तसा रकाना नाही. इथं सही करा, निकाल मान्य म्हणून."

मी पेन घेतलं. सही नाही केली. छापील ओळींवरून आडवं, ढोबळ अक्षरांत लिहिलं: 'अमान्य. नजर मी शिकवली. तिला होणारा त्रास मी शिकवलेला नाही.'

"अहो, तिथं लिहायला जागा नाही!"

"केली मी. आता पोच द्या. शिक्का मारा."

"बाहेर लोक खोळंबलेत."

"खोळंबू देत."

बाईंनी धाडकन शिक्का हाणला. मुंगी दचकली, कान दाबून खुर्चीवरून घसरली आणि फरशीवर मुटकुळं करून डोलू लागली.

"आता दिसलं? लिहा!"

बाईंची मान खालीच होती. "तपासणी संपलीय. पुढचा नंबर!"

मी लेकीशेजारी फरशीवर बसले, तिला हात न लावता, वीतभर अंतर सोडून. शिक्क्याचा कागद मांडीखाली घट्ट दाबला.

"तिला उठता येईल तेव्हा आम्ही उठू," मी म्हणाले. "तोवर ज्याला यायचंय त्याला येऊ दे. हिला ओलांडून येऊ दे."